हन्नाचे ओठ आणि आपला कॅमेरा

शास्त्रपाठ : १ शमुवेल १:९-१८

दोन वर्षांपूर्वीच्या ईस्टरच्या पहाटेची गोष्ट आहे. आमच्या मंडळीच्या रिवाजाप्रमाणे आम्ही उजाडण्यापूर्वी कबरस्तानात जमलो होतो. गीते झाली, शास्त्रवाचन झाले, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि मग जो तो आपापल्या माणसांच्या कबरींकडे गेला. कोणी मेणबत्त्या लावीत होते, कोणी फुले ठेवीत होते. एका कोपऱ्यात चाफ्याच्या झाडाखाली आमच्या मंडळीतील एक ताई एकट्याच बसल्या होत्या. ती कबर त्यांच्या तरुण मुलाची. मान किंचित खाली, एक हात दगडावर, आणि मागे नुकतेच उजळू लागलेले आकाश. मी खिशातून मोबाइल काढला आणि दहा-बारा पावलांवरून त्यांचा फोटो घेतला. त्यांना ते कळले नाही.

घरी येऊन मी त्या फोटोखाली पुनरुत्थानाच्या आशेविषयीचे एक वचन लिहिले आणि तो मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवला. दुपारपर्यंत कितीतरी जणांनी त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रे टाकली. कोणी लिहिले, किती शांत विश्वास! कोणी लिहिले, उपदेशक भाऊ, या एका फोटोने आज संदेश दिला. मलाही धन्यता वाटली. एका दुःखी मातेची साक्ष अनेकांपर्यंत पोहोचवण्याचे साधन आपण झालो, असे मी मनाशी म्हणालो.

तीन आठवड्यांनी घरभेटीसाठी मी त्यांच्याकडे गेलो. चहा झाला. कप बाजूला ठेवून ताई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तो फोटो काढलात तेव्हा मी काय करत होते, ठाऊक आहे का तुम्हाला?"

मी म्हणालो, "प्रार्थना करत होता ना, ताई?"

"नाही. मी देवाशी भांडत होते. सगळ्यांनी नुकतेच गाणे म्हटले की तो उठला आहे. मग माझा का उठत नाही, असे मी त्याला विचारत होते. आणि तुम्ही खाली लिहिलेत की मी आशेने भरले आहे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते शब्द मला अधिक लागले. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. सार्वजनिक जागी कोणी आपल्या दुःखात किंवा एकांतात बसलेला असताना त्याचे छायाचित्र घेण्याचा आणि ते इतरांना दाखवण्याचा आपल्याला कोणता अधिकार आहे? आज मंडळीतील जवळजवळ प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांचा राहिलेला नाही. तो तुमचा आणि माझा झाला आहे.

या प्रश्नाला सहसा दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे की, जागा सार्वजनिक आहे. जे सर्वांना दिसते ते कॅमेऱ्याने टिपले तर बिघडले काय? दुसरे उत्तर असे की, अशा चित्रांनी लोकांची मने हेलावतात, दया उत्पन्न होते, मदत मिळते. दोन्ही उत्तरांत काही तथ्य आहे. म्हणून ती नीट तपासून पाहू.

पहिले उत्तर घेऊ. उत्पत्तीच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात योसेफाने आपला धाकटा भाऊ बन्यामीन याला पाहिले तेव्हा त्याला रडू आवरेना. तो घाईने आतल्या खोलीत गेला, तेथे रडला, मग तोंड धुऊन स्वतःला सावरून बाहेर आला. योसेफाला आतली खोली होती, कारण तो मिसर देशाचा अधिकारी होता. ज्याला आतली खोली नाही त्याने कोठे रडावे? परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर दूरदूरच्या गावांहून आलेली कुटुंबे फुटपाथवर दिवस काढतात. त्यांची चूल, त्यांचे अंथरूण आणि त्यांचे रडणे हे सारे रस्त्यावरच. एस.टी. स्टँडचा बाक, रेल्वेचा फलाट, इस्पितळाचा जिना, कबरस्तानाचा कोपरा, याच गरिबाच्या आतल्या खोल्या होत. तेथे रडणारा माणूस आपल्याला दिसतो, पण तो आपल्यासाठी तेथे बसलेला नसतो. त्याला दुसरी जागा नाही, म्हणून तो तेथे बसला आहे. त्याच्या निरुपायाला आपण त्याची संमती समजू लागलो, तर आपल्या कॅमेऱ्यापुढे गरिबाचे दुःख नेहमी उघडे राहील आणि श्रीमंताचे दाराआड सुरक्षित राहील.

जगाच्या न्यायालयांनाही हे उमगले आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. केवळ माणूस सार्वजनिक जागी आहे एवढ्यावरून त्याचा खासगीपणा नाहीसा होत नाही, हा विचारही त्या निर्णयात आला आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९९८ साली एक साधेच प्रकरण आले होते. सतरा वर्षांची एक मुलगी एका इमारतीच्या पायऱ्यांवर नुसती बसली होती. तिला न विचारता घेतलेले तिचे छायाचित्र एका मासिकात छापले गेले. त्यात लाजिरवाणे असे काही नव्हते. तरीही तिची संमती घ्यायला हवी होती असे न्यायालयाने ठरवले आणि तिला दोन हजार डॉलरची भरपाई मिळाली. त्याच्या कितीतरी आधी, १९३८ ते १९४१ या काळात, वॉकर इव्हान्स या अमेरिकन छायाचित्रकाराने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून समोर बसलेल्या प्रवाशांची छायाचित्रे घेतली होती. आपल्याच विचारांत हरवलेले, थकलेले, एकटे चेहरे. त्या चित्रांचे पुस्तक मात्र १९६६ साली निघाले. आज लपवायला कोट लागत नाही, आणि पंचवीस वर्षे थांबण्याचा धीरही आपल्यापाशी नाही. पंचवीस सेकंदांत आपले चित्र शंभर घरांत पोहोचते.

आता दुसरे उत्तर. अशा चित्राने दया उत्पन्न होते, हे खरे आहे काय? होय, पुष्कळदा खरे आहे. पण त्याबरोबर आणखी काय होते हेही पाहिले पाहिजे. याचे जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९३६ सालचे आहे. अमेरिकेत मंदीचे दिवस होते. सरकारी कामावर असलेल्या डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाईंनी कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा खुडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका बत्तीस वर्षांच्या आईची काही छायाचित्रे घेतली. गालाला हात लावून दूर पाहणारी आई, दोन्ही बाजूंना तिच्या खांद्यावर तोंड लपवलेली मुले, मांडीवर तान्हे बाळ. ती चित्रे सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात आली आणि त्या तळावर सरकारने वीस हजार पौंड अन्न पाठवले. चित्राने भुकेल्यांना अन्न मिळवून दिले, हे कोणी नाकारू नये.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. अन्न आले तेव्हा ती बाई आणि तिची मुले तेथून पुढे निघून गेली होती. लँगबाईंनी तिचे नाव विचारले नव्हते. पुढे त्यांनी लिहिले की त्या कुटुंबाने मोटारीचे टायर विकून अन्न घेतले होते. कुटुंबाने मात्र हे साफ नाकारले. त्यांची मोटार बिघडली होती, ती दुरुस्त करण्याच्या खटपटीत घरची माणसे गावात गेली होती, आणि आई मुलांना घेऊन त्यांची वाट पाहत होती. म्हणजे जगाने जिच्याकडे निराशेची मूर्ती म्हणून पाहिले, ती त्या घटकेला मोटार दुरुस्त होऊन येण्याची वाट पाहणारी एक कष्टाळू बाई होती. १९७८ साली तिची ओळख जगाला पटली. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव. त्या चित्रातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही आणि ते घेतलेच नसते तर बरे झाले असते, अशी खंत तिने बोलून दाखवली. पुढे १९८३ साली ती आजारी पडली तेव्हा तिच्या मुलांनी मदतीची हाक दिली. ते चित्र आठवणाऱ्या लोकांकडून पैसे आले आणि पुष्कळ पत्रेही आली. ती पत्रे वाचून, आपल्या आईच्या चेहऱ्याने कितीजणांना धीर दिला हे मुलांना प्रथमच कळले आणि त्यांच्या मनातील कटुता कमी झाली. त्याच वर्षी ती वारली. चित्रानंतर ती सत्तेचाळीस वर्षे जगली, मुले वाढवली, कामे केली. तरी जगाच्या लेखी ती त्या एका क्षणातच बसून राहिली.

या गोष्टीतून मला दोन गोष्टी दिसतात. चित्राने भले केले, आणि चित्राने त्या बाईविषयी जे सांगितले ते पुरते खरे नव्हते. दोन्ही एकाच वेळी. मनुष्य दुरून दुःख पाहतो तेव्हा त्याचा अर्थ तो आपल्या मनातून भरतो. माझ्या ईस्टरच्या फोटोत मी हेच केले होते. ताईंचे ओठ हलत होते एवढेच मी पाहिले. त्यांच्या तोंडचे शब्द मी आपल्या पदरचे घातले.

येथे मला आजच्या शास्त्रपाठाकडे यावेसे वाटते. शिलो येथील परमेश्वराचे मंदिर म्हणजे सार्वजनिक जागा. वार्षिक यज्ञासाठी लोक आलेले. एली याजक दाराच्या खांबाजवळ आपल्या आसनावर बसलेला. हन्ना जेवणानंतर उठून येते, रडते आणि मनातल्या मनात प्रार्थना करते. तिचे ओठ हलतात, आवाज ऐकू येत नाही. एली तिच्या तोंडाकडे लक्षपूर्वक पाहतो. तो अनुभवी आहे, देवाच्या घरचा आहे, माणसे पाहण्याची त्याला सवय आहे. आणि तो काय ठरवतो? ही बाई मद्याने झिंगली आहे. एलीच्या हाती कॅमेरा असता तर त्याने कोणते चित्र घेतले असते आणि त्याखाली काय लिहिले असते, याचा विचार करून पाहा. मंदिरात मद्य पिऊन आलेली स्त्री, असेच ना?

आपण म्हणू की एली कठोर होता, आपण तर दयेने पाहतो. पण वाचकहो, चूक कठोरपणाची नव्हती, चूक दुरून अर्थ लावण्याची होती. एलीने तिला मद्यपी ठरवले आणि मी ताईंना विश्वासाची वीरांगना ठरवले. माझे म्हणणे अधिक गोड होते, पण अधिक खरे नव्हते. शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष देण्यास मनाई करणारी आज्ञा आपण लहानपणीच पाठ केली आहे. तीत वाईट खोटी साक्ष तेवढी निषिद्ध आणि चांगली खोटी साक्ष चालेल, अशी सवलत दिलेली नाही.

मात्र एलीला एका गोष्टीचे श्रेय द्यावे लागेल. तो हन्नाशी बोलला. कसा का होईना, त्याने आपला समज तिच्या तोंडावर सांगितला. त्यामुळे तिला उत्तर देता आले. मी प्यालेली नाही, मी दुःखी आहे, माझे अंतःकरण मी परमेश्वरापुढे मोकळे करीत आहे, मला नीच स्त्री समजू नका, असे ती म्हणू शकली. आणि एलीने लगेच आपले मत बदलले. त्याने तिला शांतीने जाण्यास सांगितले आणि देव तुझी मागणी पुरी करो असा आशीर्वाद दिला. तिची मागणी काय होती हे त्याने विचारले नाही. तिचे दुःख न उकलताही त्याला तिला आशीर्वाद देता आला. ती गेली, तिने अन्न घेतले, आणि शास्त्र सांगते की तिचा चेहरा मग उदास राहिला नाही. त्याच दिवशी हन्नाचा चेहरा बदलला. चित्रातल्या हन्नाचा चेहरा बदलला नसता. आणि चित्रातल्या हन्नाला उत्तरही देता आले नसते.

तर मग सार्वजनिक दुःखाचे चित्र कधीच घेऊ नये काय? असे मी म्हणणार नाही, कारण शास्त्रात हन्ना आहे तशी रिस्पाही आहे. दुसऱ्या शमुवेलाच्या एकविसाव्या अध्यायात तिची गोष्ट आहे. तिच्या दोन मुलांना इतर पाच जणांसह फाशी देऊन डोंगरावर तसेच सोडून दिले होते. ती खडकावर गोणपाट अंथरून बसली. हंगामाच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत दिवसा पाखरांना आणि रात्री श्वापदांना तिने त्या प्रेतांजवळ येऊ दिले नाही. तिने आपले दुःख लपवले नाही. सर्वांनी पाहावे असेच ती बसली. कोणीतरी जाऊन दाविदाला हे सांगितले, आणि राजाला आपले कर्तव्य कळले. त्याने अस्थी गोळा करवून सन्मानाने पुरल्या. ज्याने दाविदाला सांगितले त्याने रिस्पाचा मूक अर्ज राजापर्यंत पोहोचवला. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला विषारी वायू पसरल्यानंतर मातीत अर्धवट पुरलेल्या एका अज्ञात बालकाच्या चेहऱ्याचे छायाचित्र रघु राय यांनी घेतले, तसेच पाब्लो बार्थोलोम्यू यांनीही घेतले. ते चित्र पाहणे कठीण आहे. पण ते न्याय मागणारे चित्र आहे. त्या बालकावर अन्याय झाला होता, आणि अन्याय झाकून ठेवणे हे त्याचा मान राखणे नव्हे.

मग हन्ना कोणती आणि रिस्पा कोणती, हे ओळखावे कसे? दुरून दोघीही रडणाऱ्या बायाच दिसतात. ओळखण्याचा मार्ग एकच आहे, आणि तो म्हणजे जवळ जाणे. २०२० सालच्या मे महिन्यात टाळेबंदीच्या दिवसांत दिल्लीच्या निजामुद्दीन पुलाजवळ रस्त्याच्या कडेला बिहारचा एक मजूर फोन कानाला लावून रडत बसला होता. गावी त्याचे तान्हे मूल अत्यवस्थ होते आणि त्याला घरी जाता येत नव्हते. पी.टी.आय. या वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार अतुल यादव यांनी त्याचे छायाचित्र घेतले. पण चित्र घेऊन पुढे निघून जाणे त्यांना जमले नाही. त्यांनी थांबून त्याची चौकशी केली, त्याला बिस्किटे आणि पाणी दिले. चित्र देशभर गेले, मदत आली आणि तो मजूर आपल्या जिल्ह्यात पोहोचला. मूल मात्र वाचले नाही. त्या चित्राने मूल वाचवले नाही हे जसे खरे, तसे हेही खरे की तो बाप रस्त्यावर एकटा राहिला नाही. तेथे चित्र घेणारा माणूस आधी शेजारी झाला होता.

येथे कोणी विचारील, शुभवर्तमानात प्रभूच्या अश्रूंचे वर्णन नाही काय? आहे. लाजराच्या कबरेजवळ प्रभू सर्व लोकांदेखत रडला. पण योहान ते किती थोडक्यात सांगतो हे पाहा. तो का रडला याचे स्पष्टीकरण योहान देत नाही. स्पष्टीकरण देणारे भोवतालचे लोक होते. काही म्हणाले, याचे लाजरावर केवढे प्रेम! काही म्हणाले, आंधळ्याचे डोळे उघडणाऱ्याला हा मृत्यू टाळता आला नसता काय? पाहणाऱ्यांनी तेथेही अश्रूंखाली आपापली वाक्ये लिहिली. योहानाने ती वाक्ये लोकांच्या नावावर ठेवली आणि अश्रू प्रभूच्या नावावर ठेवले. गेथशेमाने बागेतील प्रभूचे दुःख सांगतानाही शुभवर्तमान सांगते की त्या वेळी शिष्य झोपले होते. दुसऱ्याचे दुःख सांगताना आपली लाज न लपवणे, हे खऱ्या साक्षीचे एक लक्षण आहे. आणि प्रभू स्वतः याईराच्या घरी गेला तेव्हा त्याने काय केले? शोक करणाऱ्यांची गर्दी बाहेर काढली. मुलीचे आईबाप आणि तीन शिष्य एवढ्यांनाच आत घेतले, आणि हे कोणाला कळू देऊ नका असे बजावले. एवढा मोठा चमत्कार! आपल्या हातून तो झाला असता तर आपण आधी मोबाइल सुरू केला असता.

आपल्या मंडळ्यांनी या बाबतीत विशेष जागे असले पाहिजे, आणि त्याला एक कारण आहे. एके काळी कॅमेऱ्यापुढे बसवलेले लोक आपलेच होते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात हूपर नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना गटागटाने बसवून त्यांची छायाचित्रे घेतली. त्याच दुष्काळाने बेळगाव, धारवाड, सोलापूर या भागांतील गावेही ओस पाडली. त्यानंतरच्या दुष्काळांत मिशनच्या वार्षिक अहवालांत अनाथ मुलांची चित्रे छापली जात. त्या चित्रांमुळे परदेशातून दान आले, शाळा चालल्या, मुले जगली, आणि आपल्यापैकी कित्येकांची घराणी त्या मुलांपासूनच सुरू झाली. त्या दानाबद्दल आपण कृतज्ञ आहोतच. पण अशा चित्राखाली बहुधा नाव नसे. दुष्काळातील एक बालक, एवढेच लिहिलेले असे. त्या बालकाला कोणी विचारले नव्हते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना कोणी विचारले नाही, त्यांना तरी विचारण्याचे महत्त्व कळायला हवे.

आता थोडे आचरणाविषयी. अंत्यविधीच्या वेळी पेटीजवळ मोबाइल उंच धरून उभे राहण्याची चाल आपल्याकडे पडली आहे. परगावी असलेल्या नातलगांना विधी दिसावा म्हणून घरच्यांनी कोणाला सांगितले असेल तर ती सेवा आहे. न सांगता विधवेच्या तोंडावर कॅमेरा रोखणे ही सेवा नव्हे. इस्पितळातील भेटीचे फोटो, वृद्धाश्रमात फळे वाटतानाचे फोटो आपण अहवालासाठी घेतो. त्यात घेणाऱ्याचा चेहरा दिसलाच पाहिजे काय? देणाऱ्याचा उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण अहवालालाही लागू आहे. फोटो घ्यायचाच असेल तर आधी नाव विचारावे, कशासाठी हवा ते सांगावे, घेतल्यावर दाखवावा, आणि नको म्हटले तर त्यांच्यासमोर पुसून टाकावा. विचारल्याने तो क्षण मोडतो, असे कोणी म्हणेल. मोडू द्यावा. क्षण त्यांचा होता.

आम्हा उपदेशकांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती मी प्रथम स्वतःला सांगतो. व्यासपीठावरून सांगितलेली गोष्ट हेही एक छायाचित्रच आहे. घरभेटीत ऐकलेले दुःख आपण पुढच्या रविवारी दृष्टांत म्हणून सांगतो. नाव घेत नाही, पण मंडळीत सर्वांना कळते. त्या घरचे लोक तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसलेले असतात. एली आसनावर बसून चुकला; आपण व्यासपीठावर उभे राहून चुकतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. हन्नाची गोष्ट शिकवताना आपण लगेच बाळ शमुवेलाकडे जातो, कारण मुलांना तो आवडतो. पुढच्या वेळी थोडे एलीपाशी थांबा. मुलांना विचारा, एलीला काय दिसले? त्याला काय वाटले? खरे काय होते? ते त्याला कसे कळले? वर्गात एखादा मुलगा गप्प बसला असेल तर त्याच्याविषयी इतर मुलांना काय वाटते आणि त्याला कोणी विचारले आहे काय, हेही मुले आपणच बोलू लागतील. त्यांच्या हाती उद्या मोबाइल येणार आहे, कित्येकांच्या हाती तो आलाच आहे. कॅमेरा कसा धरावा हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले येते. तो केव्हा खाली ठेवावा हे मात्र त्यांना कोणीतरी शिकवले पाहिजे.

माझ्या त्या फोटोचे काय झाले? मी तो माझ्या मोबाइलमधून काढून टाकला आणि गटावर क्षमा मागितली. पण तोवर तो दुसऱ्या गावांतील मंडळ्यांत पोहोचला होता. आजही तो कोठेतरी फिरत असेल आणि कोणीतरी त्याखाली जोडलेले हात टाकत असेल. बोललेला शब्द जसा परत घेता येत नाही, तसाच हाही. हा लेख मासिकाकडे पाठवण्यापूर्वी मी तो ताईंना वाचून दाखवला. त्यांनी एक वाक्य गाळायला सांगितले. ते गाळले आहे.

गेल्या ईस्टरला मी मोबाइल घरी ठेवून गेलो. प्रार्थना संपल्यावर ताई नेहमीप्रमाणे चाफ्याखाली जाऊन बसल्या. मी जवळ गेलो आणि विचारले, "ताई, बसू का थोडा वेळ?" त्यांनी फुलांची पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि माझ्यासाठी जागा केली. चांगले उजाडेपर्यंत आम्ही तेथे बसलो. त्यांचे ओठ हलत होते. त्या देवाला काय म्हणत होत्या हे मी विचारले नाही.